बसणाऱ्याचे माप

(आलापल्ली येथे समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आजच्या मेळाव्यासाठी विषय निवडताना शिक्षण, संघटन, विवाहखर्चातील काटकसर असे आपल्या व्यासपीठावरचे नित्याचे विषय माझ्या मनात येऊन गेले. ते सर्वच महत्त्वाचे आहेत. तथापि सुतार समाजाचा मेळावा आणि तोही आलापल्लीसारख्या सागवानाच्या माहेरी भरत असता आपल्या धंद्याविषयी, आणि त्यातही त्या धंद्याच्या उद्याविषयी, काही बोलले जावे असे मला प्रकर्षाने वाटले. म्हणून मी एक साधा, दिसावयास क्षुल्लक असा विषय घेतला आहे. कचेरीत माणूस ज्या खुर्चीवर बसतो आणि ज्या मेजावर काम करतो, ती खुर्ची व ते मेज कसे असावे, हा तो विषय होय.

खुर्चीत काय बोलण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. पण विचार करून पाहा. आपल्या समाजातील किती मुले-मुली आज वाकस-पटाशी सोडून कचेऱ्यांतून, बँकांतून, सेवा केंद्रांतून संगणकासमोर बसलेली आहेत! बापाने आयुष्यभर उभे राहून किंवा उकिडवे बसून रंधा ओढला. मुलगा दिवसाचे आठ तास खुर्चीवर बसतो. आणि ऐन तिशीत मान धरली, पाठ धरली, मनगटाला मुंग्या येतात, अशी तक्रार या मुलाच्या तोंडी ऐकू येते. ज्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या इतरांना बैठक घडवून दिली, त्याच घराण्यातील लेकराला स्वतःच्या मापाची बैठक मिळू नये, ही गोष्ट मला विचार करण्याजोगी वाटते.

प्रथम आपल्या पूर्वजांचा धंदा कोणत्या तत्त्वावर चालत होता ते पाहू. बलुत्याच्या काळी सुतार हा गावाचा होता. त्याच्याकडे नांगर करावयास येणारा शेतकरी परका नव्हता. त्याची उंची, त्याच्या बैलांची उंची, त्याच्या जमिनीचा पोत हे सर्व सुताराच्या डोळ्यांपुढे असे. नांगराचे रुमणे किती उंच ठेवावयाचे, हे नांगर धरणाऱ्याच्या हातावरून ठरे. बुटक्या माणसाला उंच रुमणे दिले तर खांदे भरून येतात, आणि उंच माणसाला ठेंगणे दिले तर कंबर मोडते. याहून मौजेची गोष्ट म्हणजे नांगराच्या दांडीच्या टोकाशी, जेथे जू बांधावयाचे तेथे, खाचा ठेवण्याची रीत होती. दोर एक खाच पुढेमागे केला की फाळ कमीअधिक खोल जाई. एकच अवजार, पण माणसाप्रमाणे, बैलाप्रमाणे आणि जमिनीप्रमाणे जुळवून घेता येणारे! आज मोठमोठ्या कारखान्यांचे जाहिरातदार ज्या गुणाचा गौरव करतात, तो जुळवून घेण्याचा गुण आपल्या निरक्षर पणजोबांना हातच्या मळासारखा ठाऊक होता.

लिहिण्याच्या कामाचीही तीच गोष्ट. पेढीवरचा मुनीम गादीवर मांडी घालून बसे, पाठीशी तक्क्या आणि पुढ्यात उतरत्या झाकणाची लाकडी पेटी असे. पेटीच्या पोटात दौत, टाक व रोकड, झाकणावर वही. झाकण उतरते असल्यामुळे वही डोळ्यांकडे थोडी उचललेली राही आणि मान फारशी वाकवावी लागत नसे. मुनीम अवघडला की मांडी बदली, एक गुडघा उभा करी, तक्क्याला रेले. बैठक एक आणि बसण्याच्या तऱ्हा दहा. हे सर्व आदर्श होते असे मी म्हणत नाही. गुडघ्यांची दुखणी तेव्हाही होती. परंतु त्या पेटीच्या सुताराने लिहिणाऱ्याच्या मानेचा विचार केला होता, हे निर्विवाद.

पुढे इंग्रजी अमदानीत कचेरी आली आणि तिच्याबरोबर मेज-खुर्ची आली. साहेबाच्या देहाला आणि साहेबाच्या टेबलावरील कामाला योग्य अशी ती मापे होती. ती आपण जशीच्या तशी उचलली. नंतर कारखानदारीचे युग आले. मुंबईस 1897 साली कुलपांपासून आरंभ केलेल्या गोदरेज कारखान्याने 1923 साली पोलादी कपाटे काढली, आणि पुढे पोलादी मेजे व खुर्च्या देशभरच्या कचेऱ्यांतून पोहोचल्या. त्या टिकाऊ होत्या, वाळवीला दाद देत नव्हत्या, एकसारख्या होत्या. त्यांनी लाकडाची जागा घेतली यात त्यांचा दोष नाही. पण एकसारखेपणाबरोबर एक गोष्ट निघून गेली, ती म्हणजे बसणाऱ्याचे माप. पूर्वी वस्तू माणसाच्या मापाने होत असे. आता माणसाने वस्तूच्या मापाचे व्हावे, अशी उलटी रीत सुरू झाली.

या उलट्या रीतीचा परिणाम एका हिशेबाने आपणापुढे मांडतो. आपल्यापैकी प्रत्येकाला टेप धरता येतो, म्हणून घरी जाऊन पडताळाही पाहता येईल. कचेरीतील साधी न हलणारी खुर्ची जमिनीपासून सुमारे 45 सेंटिमीटर उंच असते आणि मेज सुमारे 75 सेंटिमीटर. समजा, तेथे पाच फूट उंचीची एक भगिनी कामाला आहे. चपलेसह तिच्या टाचेपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंतचे अंतर 39 सेंटिमीटर आहे, आणि बसल्यावर बैठकीपासून कोपरापर्यंतचे अंतर 21 सेंटिमीटर आहे. आता पाहा. 45 च्या खुर्चीवर तिचे पाय सहा सेंटिमीटर अधांतरी लोंबतात. मांडीखाली खुर्चीची कड रुतते व पायांतील रक्ताचे वहन मंदावते. तिचे कोपर 66 वर येते, पण मेज आहे 75 वर. म्हणजे नऊ सेंटिमीटरची तूट भरून काढण्यासाठी दिवसभर तिने खांदे उचलून धरावयाचे! संध्याकाळी ही भगिनी खांदे चोळत घरी आली तर ‘कचेरीत नुसते बसून तर असतेस’ असे म्हणण्यापूर्वी घरच्या मंडळींनी हा नऊ सेंटिमीटरचा हिशेब आठवावा.

उपाय काय? दोन आहेत. मेज तसेच ठेवून खुर्ची 54 पर्यंत उचलावयाची आणि पायांखाली 15 सेंटिमीटरचे पादपीठ द्यावयाचे. किंवा खुर्ची 39 वर आणून मेज 60 वर उतरावयाचे. पहिला उपाय स्वस्त आहे, दुसरा अधिक सुखाचा आहे. पण दोन्हींचे मूळ एकच आहे, ते असे की आधी माणूस मोजा, मग लाकूड मोजा.

या विचाराचे आता एक स्वतंत्र शास्त्र झाले आहे. त्याला एर्गोनॉमिक्स म्हणतात. आपण श्रमसुलभतेचे शास्त्र म्हणू. हा शब्द पोलंडमधील यास्त्रेंबोव्हस्की या विद्वानाने 1857 साली वापरला आणि 1949 साली इंग्लंडमध्ये मरेल यांनी त्याला नव्याने चालना दिली. आपल्या देशातही या दिशेने मोलाचे काम झाले आहे. मुंबईच्या आय. आय. टी.मध्ये 1969 साली औद्योगिक अभिकल्पाचे केंद्र निघाले. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेने 1997 साली देबकुमार चक्रवर्ती यांचा भारतीय शरीरमापांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. परदेशी देहांची मापे आपल्या माणसांना लावू नयेत, यासाठी भारतीय स्त्री-पुरुषांची मापे त्यात एकत्र केली आहेत. आपल्या धंद्यातील प्रत्येक होतकरू तरुणाने ही मापे अभ्यासावीत असे मला वाटते.

या शास्त्राने एक गोष्ट सिद्ध केली आहे, ती म्हणजे सरासरी माणूस नावाचा माणूस जगात नाही. सरासरी मापाची खुर्ची बनवली की ती उंचालाही अपुरी पडते आणि ठेंगण्यालाही मोठी होते. अमेरिकेत 1994 साली निघालेली व आजही प्रख्यात असलेली ‘एरॉन’ नावाची कचेरीची खुर्ची तिच्या रचनाकारांनी लहान, मध्यम व मोठी अशा तीन मापांत काढली, आणि तिच्या प्रत्येक मापात पुन्हा उंची वरखाली करण्याची सोय ठेवली. जोडे मापाने घेतो, सदरा मापाने शिवतो. मग आठ तास जिच्यावर काढावयाचे ती खुर्ची तेवढी बिनमापी का असावी?

तथापि केवळ हलते भाग जोडल्याने काम भागत नाही, याचाही एक बोधप्रद दाखला आहे. अमेरिकेत रॉबर्ट प्रॉप्स्ट या कल्पक गृहस्थाने 1964 साली, आणि सुधारून पुन्हा 1968 साली, कचेरीसाठी सामानाची एक नवी मांडणी पुढे आणली. उंच-सखल मेजे, उभे राहून काम करण्याची सोय, हवे तसे हलवता येणारे पडदे अशी ती रचना होती. काम करणाऱ्याला मोकळीक मिळावी हा त्याचा हेतू होता. पण मालकांनी तेच पडदे घेऊन कमी जागेत अधिक माणसे कोंबण्यासाठी चौकोनी खुराडी उभारली! जुळवून घेण्याची किल्ली बसणाऱ्याच्या हाती न राहता जागेचे भाडे मोजणाऱ्याच्या हाती गेली, आणि चांगली कल्पना वाया गेली. म्हणून सामान घडवणाऱ्याने हे पाहावे की, ते जुळवून घेण्यासाठी बसणाऱ्याला कोणाची परवानगी व कोणाचे पाने-पेचकस लागू नयेत.

आता आपल्या कामाचे बोलू. वर सांगितलेले शास्त्र लाकडात कसे उतरवावे? मला पाच सूत्रे सुचवावीशी वाटतात.

पहिले सूत्र बैठकीच्या उंचीचे. तळवे जमिनीवर किंवा पादपीठावर सपाट टेकले पाहिजेत. दुसरे बैठकीच्या खोलीचे. पाठ पाठीला टेकली असता गुडघ्यामागे दोन-तीन बोटे जागा उरली पाहिजे. बैठक फार खोल असली की ठेंगण्या माणसाला एक तर पाठ सोडून पुढे बसावे लागते, नाहीतर कड पोटरीत रुतते. ती पुढची कडही रंध्याने गोलाकार उतरवलेली असावी. तिसरे सूत्र पाठीचे. आधार सरळ फळीचा नको. कमरेच्या खळग्यात भरणारा असावा, आणि त्याची आडवी पट्टी दोन-तीन खाचांत वरखाली बसवता यावी. चौथे सूत्र मेजाचे. मेज कोपराच्या पातळीवर यावे. यासाठी गॅसवर चालणारे यंत्र हवेच असे नाही. पायात पाय सरकणारी जोडणी करून 60 पासून 76 सेंटिमीटरपर्यंत दर दोन सेंटिमीटरला एक अशी नऊ भोके पाडली आणि लोखंडी खुंटी घातली, की एकच मेज ठेंगण्यालाही चालेल आणि उंचालाही. मात्र मधला खण काढून टाकावा. तो मांड्यांना अडतो. नांगराच्या दांडीवरच्या खाचा त्या याच, फक्त त्या आता कचेरीत आल्या.

पाचवे सूत्र नजरेचे. महसूल कचेरीतील जुने मेज मोठाल्या नोंदवह्या पसरण्यासाठी केलेले होते. आता त्याच मेजावर संगणक येऊन बसला आहे. वही खाली असते, पडदा समोर असतो. दोघांची गरज वेगळी. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली असावी आणि तो हातभर अंतरावर असावा. दुहेरी भिंगाचा चष्मा असणाऱ्यासाठी तो आणखी थोडा खाली घ्यावा. कागदासाठी मुनीमाच्या पेटीसारखी उतरती फळी ठेवावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उत्तमातील उत्तम बैठकीवरूनही अर्ध्या-पाऊण तासाने उठावे. माणूस दिवसभर एकाच आसनात राहण्यासाठी जन्मलेला नाही.

हे सारे आपण बोलतो आहोत ते कोठे बसून? आलापल्लीत! या परिसरातील सागवानाची कीर्ती मी आपणांस सांगावी असे नाही. येथील ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ हा जतन केलेला वनखंड 2014 साली महाराष्ट्रातील पहिले जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाला. इंग्रजीतील ‘टीक’ हा शब्द मल्याळममधील ‘तेक्कु’पासून पोर्तुगीजांच्या तोंडून गेला, आणि सागाचे शास्त्रीय नाव जे ‘टेक्टोना’, त्याचा संबंध अनेक अभ्यासक ग्रीक भाषेतील ‘टेक्टोन’ या शब्दाशी जोडतात. ‘टेक्टोन’ म्हणजे सुतार! झाडाच्या नावातच आपल्या धंद्याचे नाव ऐकू यावे, याहून मोठा मान कोणता?

परंतु मानाबरोबर एक खंतही आहे. 2023 च्या मार्च महिन्यात चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनांतील सागवान बल्लारशाहून अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी रवाना झाले, तेव्हा मिरवणूक निघाली आणि आपणा सर्वांचा ऊर भरून आला. ती दारे मात्र घडवली हैदराबादच्या एका संस्थेने, आणि त्यावर हात चालले ते मुख्यतः तमिळनाडूच्या कारागिरांचे. त्यांच्या हस्तकौशल्याला मी नमस्कार करतो. त्यात असूयेचा लेश नाही. पण लाकूड आमचे आणि कसब दुसऱ्याचे, हा अनुभव केवळ त्या दारांपुरता नाही. येथील ओंडका लिलावात विकला जातो, दूर जातो; आणि येथल्या कचेरीत परत येते ती भुसा दाबून केलेल्या फळीची मेज-खुर्ची, जी एका पावसाळ्यात फुगते आणि जिचा निखळलेला पेच पुन्हा धरत नाही.

येथे कोणी रास्त शंका घेईल की, सागवान महाग, कारखान्याची खुर्ची स्वस्त. आमचे कोण घेणार? शंकेला बगल देण्यात अर्थ नाही. जी खुर्ची चाकांवर फिरते आणि बोटाने वरखाली होते, तिच्याशी किमतीत टक्कर देणे आपणास साधणार नाही, आणि त्याची गरजही नाही. आपले क्षेत्र मेज, पादपीठ, पडद्याची बैठक, उतरती फळी, अभ्यासिकेतील बाके, शाळेतील बैठका हे आहे. या कामाला मोठ्या घेराचे ओंडके लागत नाहीत. लागवडीच्या विरळणीतून निघणारे कमी घेराचे, रीतसर विकत घेतलेले व वाहतूक परवान्याचे लाकूड पुरते. जंगलातील म्हाताऱ्या सागाला हात लावावा लागत नाही, हा लाभ वेगळाच. मात्र अशा लाकडात बाहेरचा पांढरा भाग अधिक असतो. तो किडीला लवकर बळी पडतो, म्हणून तो काढून टाकावा किंवा त्यावर प्रक्रिया करावी. लाकूड चांगले वाळवून ओलावा दहा-बारा टक्क्यांवर आणल्याखेरीज सांधा जोडू नये. थंड यंत्र लावलेल्या खोलीत ओले लाकूड आकसून सांधा उघडा पडतो आणि सुताराचे नाव जाते. सांधे असे करावेत की मेज उकलून नेता यावे, आणि एक पाय मोडला तर एकच पाय बदलता यावा. जी वस्तू दुरुस्त होते ती शेवटी स्वस्तच पडते.

लाकडी कचेरी-सामानाला जगात मान नाही असेही समजू नये. चंदिगढ शहर वसवताना पिएर झानरे यांच्या देखरेखीखाली 1950 नंतरच्या वर्षांत सागवान व वेत यांच्या साध्या खुर्च्या कचेऱ्यांसाठी करवून घेण्यात आल्या. पुढे त्या अडगळीत पडल्या, भंगाराच्या भावाने विकल्या गेल्या. आणि त्याच खुर्च्या परदेशांतील लिलावांत लाखो रुपयांना जाऊ लागल्या, तेव्हा 2011 साली केंद्र सरकारला त्यांच्या विक्रीस आळा घालावा लागला. त्या घडवणाऱ्या बहुतेक सुतारांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. यातून दोन धडे घ्यावेत. साधे, प्रामाणिक काम कधीच जुने होत नाही. आणि कामावर आपली खूण ठेवण्यास सुताराने लाजू नये.

आता शेवटी, नुसत्या भाषणाने मेज उभे राहत नाही, म्हणून तीन सूचना करतो. पहिली अशी की, आपल्या मंडळाने समाजातील शिकलेल्या मुलामुलींच्या साहाय्याने या भागातील स्त्री-पुरुषांची बसण्याची मापे घ्यावीत. गुडघ्याची उंची, कोपराची उंची, मांडीची लांबी व डोळ्यांची उंची एवढी चार मापे पुरेत. अहेरी तालुक्यातील दोनशे माणसांची अशी नोंदवही झाली तर ती आपल्या धंद्याची खरी पूंजी ठरेल. दुसरी अशी की, 2023 च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांत सुतारकामाचा समावेश झाला. प्रशिक्षणाच्या काळात रोज पाचशे रुपये, अवजारांसाठी पंधरा हजार रुपये आणि दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज अशी तरतूद तिच्यात करण्यात आली. ज्यांनी तिचा लाभ घेतला त्यांनी ते द्रव्य केवळ जुन्या कामाला नवी यंत्रे लावण्यात न घालता, या नव्या कामाचे एक-दोन नमुने करण्यातही लावावे. तिसरी सूचना घरची आहे आणि ती माता-भगिनींच्या हाती आहे. परीक्षेचा अभ्यास करणारे आपले लेकरू आज ज्या मेजाशी बसते, ते मेज त्याच्या कोपराला लागते का, पाय टेकतात का, हे या आठवड्यात पाहा. टेकत नसतील तर घरच्या सुताराला सांगून एक पादपीठ करवून घ्या. सुताराच्या घरी याला उशीर लागू नये!

बंधुभगिनींनो, आपल्या धंद्याचे गुपित करवतीत नव्हते आणि रंध्यातही नव्हते. समोरच्या माणसाकडे नीट पाहून मग लाकडाला हात घालण्याच्या सवयीत ते होते. यंत्रे आली, येत राहतील. आपली मुले ती शिकतील आणि शिकावीतच. पण पाहण्याची ती सवय कोणत्याही यंत्राबरोबर विकत मिळत नाही. ती जपली तर शेताच्या बांधावरचा सुतार कचेरीच्या दालनातही तितकाच हवासा वाटेल, आणि आलापल्लीचे लाकूड आलापल्लीच्याच हाताची खूण घेऊन बाहेर पडेल.